उघड्या टपाच्या जुन्या गाडीचं ॲव्हरेज आणि माझी लाल चोपडी

टप उघडा ठेवून मी रावपुऱ्यातून निघाले की सिग्नलला शेजारी उभा असलेला स्कूटरवाला हमखास विचारतो, "बेन, एवरेज शुं आपे छे?" गाडी २००७ ची मर्सिडीज एसएलके २०० कॉम्प्रेसर. दोन माणसांची, पत्र्याचा टप घडी होऊन डिकीत जाणारी. तिची ताकद नाही, किंमत नाही, बडोद्यात आधी ॲव्हरेज विचारतात. मी बरीच वर्षं बेधडक "दस" सांगायचे. दुसऱ्यांचे ताळेबंद तपासून पोट भरणाऱ्या बाईने स्वतःच्या गाडीचा आकडा असा हवेतून काढावा, हे एका दिवाळीला फार बोचलं. मांडवीतून चोपडापूजनासाठी लाल कापडी बांधणीच्या वह्या आणल्या होत्या, त्यातली एक गाडीच्या नावे काढली. ऑफिसच्या चोपड्यांसोबत तिच्यावरही कुंकू वाहिलं. नवरा हसला, पण पेट्रोलच्या पावत्या आता तोच आणून देतो.

तर हे ॲव्हरेज खरोखर कसं काढायचं, ते सांगते. एसएलकेच हवी असं नाही. जुनी, जड, कमी चालणारी, टप उघडणारी कुठलीही गाडी असेल तर यातलं बहुतेक लागू पडेल.

पंपावर हट्ट करायला शिका. मुलगा नोझल लावतो, टक् आवाज होऊन पुरवठा थांबतो, आणि लगेच "राउंड करी दऊं?" म्हणत तो आणखी दोन-तीनदा दाबून आकडा शेकड्यात आणतो. हे राउंड केलेलं पेट्रोल तुमचा सगळा हिशेब बिघडवतं. शिवाय गळ्यापर्यंत भरलेल्या टाकीतलं पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरतं. तो डबा भिजून खराब झाला की खर्च निघतो तो वेगळाच. पहिल्या टकला थांबायचं. पंप तोच, मशीन तेच, गाडीचं तोंड त्याच बाजूला. जमीन इंचभर उतरती असली तरी टकची वेळ बदलते. भरून झालं की ट्रिप शून्यावर. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्या टकपर्यंत भरलं की जितके लिटर गेले तितके मधल्या किलोमीटरना लागले.

पहाटे थंडीत भरलं की पेट्रोल जास्त मिळतं, असं माझे सासरे म्हणायचे. पेट्रोल तापून फुगतं हे खरं, दहा अंशांना साधारण एक टक्का. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथे सकाळ-दुपारचा फरक फारसा पोचतच नाही. मापाचाच संशय असेल तर पंपावर पाच लिटरचं शिक्क्याचं माप असतं, ते मागून तपासून घ्या. तुमचा हक्क आहे तो.

एका टाकीवर निकाल देऊ नका. टक अर्धा लिटर इकडे-तिकडे होणारच. दहा लिटर भरले असतील तर ती पाच टक्क्यांची चूक, पन्नास भरले असतील तर एका टक्क्याची. म्हणून मी पाच वेळचे किलोमीटर एकत्र करते, पाच वेळचे लिटर एकत्र करते आणि मग भागते. पाच ॲव्हरेजांचं ॲव्हरेज काढू नका. ही चूक मी शिकल्यासवरल्या लोकांना करताना पाहिली आहे. शंभर किलोमीटर शहरात ७ ने आणि शंभर हायवेवर १३ ने गेलात तर सरासरी १० येत नाही, ९.१ येते. पेट्रोल किती जळलं ते बेरजेत धरा म्हणजे आपोआप कळेल.

आता किलोमीटर तरी खरे आहेत का? आधीच्या मालकाने खड्ड्यांच्या भीतीने मागे २२५/५० ऐवजी २२५/५५ चे उंच टायर घातले होते. तसं चाक साडेतीन टक्क्यांनी मोठं, म्हणजे तेवढं अंतर कापलं तरी गाडी ते कमी मोजणार. मला हे कळलं ते अहमदाबाद एक्सप्रेसवेवरच्या किलोमीटरच्या दगडांवरून. पन्नास किलोमीटर झाले तेव्हा ट्रिपवर ४८.३ होते. माझी गाडी मला वाटत होती तितकी खादाड नव्हती! टायर बदलेपर्यंत प्रत्येक आकड्याला १.०३५ ने गुणत होते. तुम्हीही टायरवरचा आकडा गाडीच्या पुस्तकाशी ताडून पाहा. काट्यासमोरच्या पडद्यावर ॲव्हरेज दिसतं, ते इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारी तोटी, किती वेळ उघडा राहिला यावरून केलेलं गणित असतं. माझ्या चोपडीपेक्षा ते पाचेक टक्के गोड बोलतं. बऱ्याच गाड्यांत असं असतं. आजचं कालच्यापेक्षा चढलं की उतरलं एवढ्यापुरतं ते ठीक आहे.

कंपनीच्या कागदावर या गाडीला शंभर किलोमीटरला नऊच्या आसपास लिटर लिहिले होते, म्हणजे लिटरला साधारण ११ किलोमीटर. तो आकडा खोटा नाही, पण तो प्रयोगशाळेतल्या रोलरवरचा आहे, रस्त्यावरचा नाही. त्या काळची युरोपातली चाचणी जेमतेम वीस मिनिटांची, अकरा किलोमीटरची. हवा वीस ते तीस अंश, एसी बंद. मे महिन्यात बेचाळीस अंशांत, एसी पूर्ण सोडून, न्यायमंदिराकडे रिक्षांच्या मागे सरकणाऱ्या गाडीशी त्याची तुलना करून रडू नये. माझे आकडे असे: गावात ७ च्या आसपास, एक्सप्रेसवेवर १३, आणि नवरात्रात ४.९. नऊ रात्री गरब्याच्या मैदानांभोवती जी गर्दी असते तिच्यात गाडी चालत नाही, उभी राहून पीत असते. उभ्या इंजिनाला एसीसकट तासाला साधारण लिटरभर लागतं. आता त्या नऊ दिवसांत मी गाडी काढतच नाही. काढलीच तर चोपडीत वेगळ्या शाईने लिहिते.

या गाड्यांचं खरं दुखणं मात्र गर्दी नाही. त्या उभ्या राहतात. पावसाळ्यात तीन महिने टप मिटून, कव्हर घालून गाडी ठेवली आणि दसऱ्यानंतर काढली, तेव्हा चोपडीत ७.१ चं ६.५ झालं होतं. दोन टाक्या मी वाट पाहिली. मग मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतल्या आमच्या उस्तादांकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. मला म्हणाले, "बेन, दस किलोमीटर चला के लाओ, ब्रेक कम मारना." परत आल्यावर चारही चाकांच्या डिस्कवर तापमान मोजायची बंदूक धरली. तीन चाकं पन्नासच्या आसपास, मागचं डावं ९४. ब्रेकचे पॅड धरणाऱ्या कॅलिपरच्या पिना गंजून अडकल्या होत्या, पॅड डिस्कला चिकटूनच फिरत होता. दोन महिने मी हलका ब्रेक दाबून गाडी हाकत होते! पिना साफ करून ग्रीस लावलं आणि पुढच्या पाच टाक्यांत ७.१ परत आलं. ही बंदूक हार्डवेअरच्या दुकानात मिळते. कोविडातली कपाळाला लावायची चालत नाही, चाळिशीच्या थोडं पुढे गेलं की ती गप्प होते. बंदूक नसेल तर तळहात चाकाजवळ नुसता धरा, डिस्कला लावू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा वेगळं तापलंय हे कळतं.

दुसरा छुपा चोर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाचं पाणी रेडिएटरकडे कधी सोडायचं ते ठरवणारी झडप. तो उघडा अडकला की पाणी सारखं रेडिएटरमधून फिरतं, इंजिन पुरतं तापत नाही, आणि गार इंजिनाला कॉम्प्युटर जास्त पेट्रोल पाजत राहतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा दोष लपतो, कारण ट्रॅफिकमध्ये सगळंच तापलेलं असतं. म्हणून जानेवारीत सकाळी तपासा. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा छोटा ओबीडी रीडर घ्या, फोनवर पाण्याचं तापमान दिसतं. आठ-दहा किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर गेल्यावर ते पंचाऐंशी-नव्वदच्या घरात यायला हवं. माझं ६८ ला बसलं होतं. त्याच रीडरवर फ्युएल ट्रिम दिसतो, म्हणजे कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती कमी-जास्त पेट्रोल देतोय ते. तो शून्याजवळ न राहता एका बाजूला दहा-पंधरा टक्के सरकला असेल तर हवेचा सेन्सर, चिरलेला रबरी पाइप, ऑक्सिजन सेन्सर, यांपैकी कुणीतरी म्हातारं झालंय. आणि फुकटची तपासणी म्हणजे पीयूसीची चिठ्ठी. आपण ती डॅशबोर्डात कोंबतो. तिच्यावरचा सीओचा, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा, आकडा मागच्या खेपेपेक्षा चढला तर पेट्रोल पूर्ण जळत नाहीये. मी दोन्ही चिठ्ठ्या चोपडीत चिकटवते.

टायरची हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी, स्वतःच्या गेजने बघा. आकडा पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेला असतो. नायट्रोजनचे पैसे वाचवा.

आता टप. सगळ्यांना वाटतं उघड्या टपाने ॲव्हरेज कोसळतं. मी डिसेंबरात चार फेऱ्या मारून पाहिलं. बडोदा ते अहमदाबाद एक्सप्रेसवे ९३ किलोमीटरचा, सपाट, दुचाकींना बंदी, म्हणजे प्रयोगाला उत्तम. जाऊन-येऊन मोजायचं, म्हणजे वारा एका बाजूने मदत करतो ते दुसऱ्या बाजूने वसूल होतं. क्रूझ कंट्रोल ९५ वर, काचा वर, एसी बंद. टप मिटून दोन फेऱ्या: ३८६ किलोमीटर, २९.७ लिटर, म्हणजे १३.०. टप उघडून दोन फेऱ्या: ३८५ किलोमीटर, ३३.२ लिटर, म्हणजे ११.६. गावात पन्नासच्या आत फरक शोधूनही सापडला नाही. कारण सरळ आहे: हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीवरून शंभरला गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो, आणि उघड्या टपाने त्याला आणखी हातभार लागतो. म्हणून गावात टप खुशाल उघडा, पेट्रोलची भीती बाळगू नका. फक्त उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, आधीचा आणि नंतरचा आठवडा सोडून. मांजा गळ्याशी येतो, त्या दिवसांत टप मिटलेलाच बरा.

पेट्रोलबद्दल आमच्या गावात प्रत्येकाला मत आहे, कोयलीची रिफायनरी १९६५ पासून शेजारी आहे म्हणून असेल. माझ्या झाकणावर ९५ ऑक्टेन लिहिलंय, त्याखालचं घालत नाही. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये लिटरमागे ऊर्जाच सहा-सात टक्क्यांनी कमी असते, त्यामुळे जुन्या गाडीचं ॲव्हरेज थोडं उतरणारच. तो बिघाड समजून मेकॅनिककडे धावू नका. इथेनॉल नसलेलं १०० ऑक्टेनचं पेट्रोल काही निवडक पंपांवर मिळतं. मी तीन टाक्या ते घालून पाहिलं. पाच टक्के ॲव्हरेज वाढलं, पण भाव त्याहून कितीतरी जास्त. हिशेबात ते बसत नाही. तरी पावसाळ्यात गाडी ठेवण्याआधीची टाकी मी त्यानेच भरते, कारण इथेनॉल ओल ओढून घेतं आणि जुन्या रबराला सोसत नाही.

चालवण्याबद्दल एवढंच. कॉम्प्रेसर म्हणजे पट्ट्यावर फिरणारा पंप. टर्बो धुराच्या जोरावर फिरतो, हा इंजिनाचीच ताकद खाऊन हवा दाबतो. पाय जोरात दाबला की दोन्हीकडून खर्च. आणि रावपुरा ते अलकापुरी अशा चार किलोमीटरच्या चकरा या गाडीने मारूच नका. तेल तापायच्या आत पोचता. त्या कामांना माझी ॲक्टिव्हा आहे. एसएलके रविवारी सकाळी पावागडच्या पायथ्यापर्यंत जाते आणि येते, ते तिलाही मानवतं आणि चोपडीलाही.

दोन टाक्या लागोपाठ आकडा पाच टक्क्यांहून जास्त उतरला तर मी या क्रमाने बघते: हवा, चाकांची उष्णता, पाण्याचं तापमान, मग उस्ताद. शेवटचं पान पाहिलं, परवाचीच नोंद आहे. ४१२ किलोमीटर, ६०.६ लिटर, ६.८, सगळं गावात. शेऱ्यात लिहिलंय: हवा बरोबर, मागचं डावं पुन्हा कोमट, शनिवारी मकरपुरा.