सहा नंबरचा खेळाडू कोच होताना

फुटबॉलमध्ये वर्षानुवर्षं सहा नंबरला, म्हणजे बचावफळीच्या पुढच्या मिडफिल्डरच्या जागी, खेळलेल्या माणसाला ‘चेंडू येण्याआधी मागे बघ’ हे कुणाला शिकवावं लागतं, हेच पटत नाही. त्याची मान आपोआप फिरत असते. पोरांची फिरत नाही. म्हणून पहिली दोन वर्षं पोरांसोबतच काढा. स्पेनचा मिडफिल्डर झाबी अलोन्सो 2017 मध्ये निवृत्त झाल्यावर आधी रेआल माद्रिदच्या लहान मुलांकडे गेला, मग रेआल सोसिएदादच्या ‘ब’ संघात तीन हंगाम रमला. जर्मनीतला लेव्हरकुसेन क्लब मिळाला तो ऑक्टोबर 2022 मध्ये, आणि 2023-24 ची बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची अव्वल लीग, त्यांनी एकही सामना न हरता जिंकली. कोचिंगचं पहिलं, डी लायसन्स खेळत असतानाच उरका. महाराष्ट्रात त्यासाठी विफाकडे (वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन) चौकशी करायची. पुढे सी, बी, ए.

आता सराव. पास देणारा 12 मीटरवर उभा करा. सहा नंबरच्या मागे आठ मीटरवर, डावीकडे आणि उजवीकडे, प्लास्टिकचे शंकू ठेवून दोन-दोन मीटरची दोन गेट करा. एक बचावपटू त्यातलं एक गेट अडवेल. मोकळ्या गेटमधून दुसऱ्या टचला चेंडू बाहेर काढायचा. प्रत्येकाला सहा चेंडू, चार फेऱ्या.

इथे हमखास बिघडतं ते वेळेचं. 12 मीटरचा जोरकस पास सेकंदभरात पायाशी येतो. चेंडू निघाल्यावर मान वळवली, तर नजर परत चेंडूवर यायला उशीर होतो आणि टच सुटतो. म्हणून पास देणाऱ्याचा पाय मागे जाण्याआधीच बचावपटूने गेट अडवायचं, आणि पोराने तेव्हाच बघायचं. दुसरी चूक अंगाची: तो पास देणाऱ्याकडे सरळ तोंड करून उभा राहतो, चेंडू जवळच्या पायाखाली थांबतो, तिसरा टच लागतो. त्याला तिरकं उभं करा, चेंडू लांबच्या पायावर घ्यायला लावा. काही पोरं मान फिरवतात, पण बघत काहीच नाहीत. गेट अडवायचा क्रम बदलत राहिलात की ती लगेच उघडी पडतात.

हे जमलं की 24 बाय 16 मीटरमध्ये चार विरुद्ध चार आणि मधे वेगळ्या रंगाच्या बिबचा (जर्सीवर घालायच्या बंडीचा) सहा नंबर. चेंडू ज्या संघाकडे, सहा नंबर त्यांच्या बाजूने. तीन मिनिटांच्या चार फेऱ्या, मधे दीड मिनिट विश्रांती. इथे तो चेंडूच्या मागे मागे धावेल. मॅचमध्येही हेच: सेंटर बॅककडे, म्हणजे मधल्या बचावपटूकडे, चेंडू असताना पाच मीटरवर जाऊन मागितला, की प्रतिस्पर्धी सोबत ओढला जातो आणि पुढच्या पासची वाटही बंद होते.

तुमची स्वतःची खोड म्हणजे ओरडणं. मैदानात सगळ्यांना हलवायची सवय टचलाइनवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, नडते, कारण पोरगं तुमच्या हाकेची वाट बघू लागतं. वीस मिनिटांत खेळ फार तर तीनदा थांबवा, दरवेळी अर्ध्या मिनिटापुरता, आणि आधी विचारा: ‘मागे कोण होतं?’

सामन्याचा व्हिडिओ गॅलरीच्या वरच्या पायरीवरून, मधल्या रेषेसमोरून काढा. टचलाइनवरच्या फोनला सहा नंबर आणि सेंटर बॅक यांच्यातलं अंतर दिसतच नाही.