सेमी-प्रो फुटबॉल टीम नॅशनल्सला न्यायचीय? मग आधी बसमधली डोकी मोजा

अमेरिकेतलं फुटबॉल म्हटलं की आपल्याला एनएफएल, म्हणजे तिथली सगळ्यात मोठी प्रो लीग, आणि तिची फायनल सुपर बोल एवढंच आठवतं, पण त्याच्या बरंच खाली एक वेगळीच दुनिया आहे, आठवडाभर ट्रक चालवणारे, वेल्डिंग करणारे, शाळेत शिकवणारे लोक शनिवारी हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात. याला सेमी-प्रो म्हणतात. नावात प्रो असलं तरी बहुतेकांना दमडी मिळत नाही, उलट प्लेअरच सीझनचे ड्यूज, म्हणजे वर्गणी, भरतो, त्यातून ग्राउंड, रेफरी, इन्शुरन्स सगळं भागतं. मी अशा एका टीमचं दोन सीझन हिशेब आणि सामान बघितलंय, खेळलो कधीच नाही, आणि त्या दोन सीझनमध्ये एकदा नॅशनल्सची वारी पण झाली. तिथे जे शिकलो ते लिहितोय.

पहिली गोष्ट, नॅशनल चॅम्पियनशिप एकच नसते. या लेव्हलला सगळ्यांच्या वर बसलेली एक बॉडी नाहीच, वेगवेगळ्या संघटना आपापली नॅशनल्स भरवतात, त्यामुळे एकाच वर्षात दोन-तीन टीम टी-शर्टवर नॅशनल चॅम्पियन्स छापून फिरतात आणि कुणीच खोटं बोलत नसतं. म्हणून आमंत्रण आलं की हुरळून जाऊ नका, आधी विचारा की टीम निवडल्या कशा. लीग जिंकून येतात, रँकिंगवर येतात, की एन्ट्री फी भरली की झालं? तिसरं असेल तरी जायला हरकत नाही, फक्त पोरांना आधी खरं सांगा. मग विचारा किती दिवसांत किती मॅच, रोस्टर (प्लेअरची यादी) कधी लॉक होणार आणि एखादी टीम आलीच नाही तर फी परत मिळते का. हे सगळं लेखी घ्या, फोनवर सगळे गोडच बोलतात.

आता नियम, इथे जरा थांबतो कारण इथेच बऱ्याच टीम झोपतात. मॅच हायस्कूलच्या नियमांनी आहे की कॉलेजच्या, हे महिनाभर आधी कळायला हवं. हायस्कूलच्या गोलपोस्टची रुंदी 23 फूट 4 इंच, कॉलेजची 18 फूट 6 इंच, म्हणजे तुमचा किकर वर्षभर शाळेच्या ग्राउंडवर आरामात मारतोय आणि तिथे जाऊन बघतो तर पोस्ट जवळपास पाच फूट अरुंद. शिवाय हायस्कूलमध्ये फील्ड गोलला, म्हणजे पोस्टमधून बॉल मारताना, बॉलखाली टी (छोटा स्टँड) ठेवता येतो, कॉलेजमध्ये थेट जमिनीवरून. हॅश मार्क पण बघा, म्हणजे ज्या खुणांच्या मधूनच प्रत्येक प्ले सुरू होतो त्या, हायस्कूलमध्ये त्या खुणा मैदानाचे रुंदीत सरळ तीन सारखे भाग करतात, कॉलेजमध्ये त्या आणखी आत येतात, तेवढ्याने क्वार्टरबॅकचा (बॉल फेकणाऱ्याचा) बाहेरचा थ्रो लांब नाहीतर जवळ होतो. आणि टीव्हीवर एनएफएल बघून वाढलेल्या पोरांना एक गोष्ट दहा वेळा सांगा, हायस्कूल असो की कॉलेज, बॉल घेऊन पळताना कुणी हात न लावता घसरून गुडघा टेकला तरी प्ले संपला. एनएफएलसारखं उठून परत पळायचं नाही. आमचा एक रिसीव्हर असाच घसरला, उठला आणि रिकाम्या मैदानात चाळीस यार्ड एकटाच पळत गेला, समोरची टीम कमरेवर हात ठेवून बघत होती.

आता मुख्य मुद्दा, माणसं. ग्रुपवर विचारलं तर 41 जण हो म्हणाले, अंगठे, बदाम, सगळं आलं. शुक्रवारी पहाटे पाचला पार्किंगमध्ये 24 जण. कुणाला शिफ्ट बदलून मिळाली नाही, कुणाचं बाळ आजारी, दोघं तर फोनच उचलेनात. ऑफेन्सचे 11, डिफेन्सचे 11, उरले दोन, म्हणजे बदलीला माणसंच नाहीत, पुढच्या रांगेत धक्के खाणारे लाइनमन दोन्ही बाजूंनी खेळणार आणि तिसऱ्या क्वार्टरला त्यांची जीभ बाहेर. 50 सीटच्या बसचे पैसे मात्र पूर्ण गेले. तेव्हापासून आमचा नियम एकच, ज्याने प्रवासाचे पैसे भरले तो येतोय, बाकी सगळे 'बघू' मध्ये. ही डेडलाइन बस बुक करायच्या आधीची ठेवा, नंतरची नाही.

पण नुसती डोकी मोजूनही भागत नाही, कोण आलं नाही ते बघा. आमचा लाँग स्नॅपर, म्हणजे पायांतून बॉल लांब मागे फेकणारा, आला नव्हता आणि ते चौथ्या डाउनला (शेवटच्या प्रयत्नाला) पंट मारायची, म्हणजे बॉल लांब लाथाडून समोरच्यांना द्यायची, वेळ आली तेव्हा लक्षात आलं. सेंटरला, म्हणजे एरवी बॉल जवळच मागे देणाऱ्याला, उभं केलं, त्याने पायांतून बॉल असा फेकला की पंटरच्या डोक्यावरून आमच्याच एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात) आणि तिथून मागच्या रेषेच्या बाहेर. सेफ्टी. समोरच्यांना दोन पॉइंट, वर आपल्याच 20 यार्डवरून किक मारून बॉल परत त्यांनाच द्यायचा. मॅच आम्ही नंतर मोठ्या फरकाने हरलो, त्यामुळे सगळं त्या स्नॅपवर ढकलता येत नाही, पण पोरांचे खांदे पडले ते तिथेच.

सामानाचं थोडक्यात. प्रत्येक हेल्मेट आतून बघा, नॉक्सीचा (हेल्मेटच्या सुरक्षेचं स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेचा) शिक्का आणि रीकंडिशनिंगचं, म्हणजे तपासून-दुरुस्त केल्याचं, स्टिकर कुठल्या वर्षाचं आहे ते वाचा, दहा वर्षांपेक्षा जुनं हेल्मेट रीकंडिशनिंगवाले परत पास करत नाहीत. चिन स्ट्रॅपची बटणं, स्क्रू, माउथगार्ड जास्तीचे ठेवा. आयोजकांचा इन्शुरन्स आहे म्हणाले तर तो कशाचा ते विचारा, नुसता लायबिलिटीचा असेल तर तुमच्या प्लेअरच्या मोडलेल्या हाताचं बिल त्यात येईलच असं नाही. ॲम्ब्युलन्स ग्राउंडवर आहे की फोन केल्यावर येणार, हे पण. डोक्याला मार लागल्याची शंका आली तर तो प्लेअर त्या दिवशी परत आत जात नाही, फायनल असली तरी नाही, आणि हा निर्णय कोचवर सोडू नका, कोचला मॅच जिंकायची असते.

कॉलेजमधलं खेळायचं शिल्लक असलेला पोरगा रोस्टरवर असेल तर त्याला आधी कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसला (प्लेअरच्या पात्रतेचे नियम बघणाऱ्या ऑफिसला) विचारायला लावा, नंतर रडारड नको.

पोरं एवढं सगळं का करतात असं विचाराल तर बसमध्ये कुणीतरी एनएफएलचा जुना मोठा क्वार्टरबॅक जॉनी युनायटस याचं नाव काढतोच. 1955 ला पिट्सबर्गमध्ये ब्लूमफील्ड रॅम्सकडून मॅचमागे 6 डॉलरवर खेळत होता, पुढच्या वर्षी एनएफएलच्या बाल्टिमोर कोल्ट्समध्ये. एरिक स्वॉन तर कॉलेज न खेळता सेमी-प्रोमधून 1991 च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (नवीन प्लेअरच्या निवडीत) सहाव्या नंबरला गेला. हे दोन्ही खरंय, पण ही नावं सांगून कुणाकडून ड्यूज काढू नका, स्काउट येणार असं तर अजिबात बोलू नका.

आता आमच्याकडे तीन जण लाँग स्नॅपची प्रॅक्टिस करतात. त्यातला एक पंटर आहे, आणि तो स्वतःलाच स्नॅप टाकू शकत नाही हे आमच्या दुसऱ्या प्रॅक्टिसला लक्षात आलं.