'मेजर' म्हणतील, हुरळून जाऊ नका

पेन्शनला निघालेल्या फौजी भावांनो, तोफखान्यातून २००८ साली मी पेन्शनवर आलो तो नाईक म्हणून, मेजरच्या कितीतरी खालच्या हुद्द्यावर. पण आमच्या साताऱ्याकडं कुठल्याही फौजीला गाव 'मेजर'च म्हणतं. सहा महिने गोड वाटलं, मग पंचाईत कळली. सातबारा वाचता येत नव्हता, आणि मेजरनं तो कुणाला विचारायचा? सतरा वर्षं रेशन, कपडे, औषधपाणी सगळं युनिटनं बघितलेलं.

एका मुलाखतीत विचारलं, काय काम करायचा? म्हटलं, "बोफोर्स तोफेवर होतो, ९९ ला कारगिलच्या लढाईत, द्रासला." साहेब आदरानं गप्प झाले आणि गेटवर वॉचमनची जागा देऊ केली. त्यांचं काय चुकलं? दारूगोळ्याचा हिशेब, ड्युटीची वाटणी, तोफेची रोजची देखभाल, यातलं मी काही बोललोच नव्हतो. पुढच्या अर्जात तेच लिहिलं, कारगिलला एक ओळ दिली. स्टोअरमध्ये लागलो.

कागदांचं मात्र नोकरीत असतानाच बघा. बायकापोरांची नावं, जन्मतारखा पार्ट टू ऑर्डरला, म्हणजे फौजेतल्या आपल्या घरच्या नोंदीला, आणि आधारला जुळतात का? बाहेर पडल्यावर रेकॉर्ड ऑफिसला पत्रं लिहीत बसावं लागतं. शेवटच्या काळात पुनर्वसनाचे कोर्स मिळतात. मी 'नंतर बघू' म्हणालो, तो निव्वळ मूर्खपणा. गावी आलात की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंद करा, माजी सैनिकाचं ओळखपत्र तिथंच मिळतं. राज्याच्या गट क आणि ड च्या सरळसेवा भरतीत आपल्याला १५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण अभ्यास कुणाला चुकत नाही.

घरात मात्र फौजेतला हुकूम चालत नाही. पोरगा उशिरा उठला की मी पिट्टू लावायची, म्हणजे पाठीवर ओझं देऊन पळवायच्या शिक्षेची, भाषा करायचो. "अहो, ही बराक न्हाय," बायको म्हणाली. शेत, सोसायटीचं कर्ज, सासूचं आजारपण, सगळं तिनं एकटीनं निभावलेलं. तिच्या राज्यात मी रंगरूट. तिच्याकडूनच सातबारा वाचायला शिकलो.

दिवाळीत फटाके सुरू झाले की मी मळ्यात जाऊन बसायचो. सांगायचो, मोटर बघून येतो. आठ वर्षं! डावा कान तोफेनं नेलेला, तो दाखवायला ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, दवाखान्यात गेलो, तर डॉक्टरनं सहज झोपेचं विचारलं आणि माझा बांध फुटला. त्यांनीच मानसोपचाराच्या डॉक्टरकडं चिठ्ठी दिली. त्या गोळ्यांची लाज बाळगू नका, मी बाळगून बघितली.

दिवाळीला अजून मळ्यातच जातो. बायको डबा घेऊन येते. मोटरीचं कुणी विचारत नाही.