वॉकी-टॉकी घेताय? खोक्यावरचे किलोमीटर आधी विसरा

माझ्याकडचा पहिला वॉकी-टॉकी अमेरिकेहून आला. भाच्यानं हौसेनं आणलेली पिवळीधमक जोडी, खोक्यावर झोकात लिहिलेलं: पस्तीस मैल. ती जोडी आजही कपाटात आहे, कारण ती वापरायला आपल्याकडे परवानगीच नाही. ते कळेपर्यंत मी दुसरी जोडी घेऊन बसलो होतो, तीही चुकीचीच. म्हणून म्हटलं, क्रमानं लिहून काढावं.

पहिलं काम: फ्रिक्वेन्सी बघा

फ्रिक्वेन्सी म्हणजे सेट ज्या रेडिओलहरींवर बोलतो त्यांचा आकडा. रंग, रेंज, किंमत सगळं नंतर. भारतात घरगुती वापरासाठी विनापरवाना चालणारे सेट ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले असतात. केंद्र सरकारच्या २०१८च्या नियमांनी ही सूट दिली आहे. अमेरिकन सेट ४६२ आणि ४६७ वर चालतात. तिथे मुलं खेळायला वापरतात, पण इथे त्या फ्रिक्वेन्सीला ती सूट नाही.

खोक्यावर किंवा माहितीपत्रकात ४४६ हा आकडा शोधा. त्यासोबत दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची मान्यता, म्हणजे ‘ईटीए’, आहे का तेही विचारा. दुकानदार ‘सगळे हेच वापरतात’ म्हणाला तर दुसरं दुकान गाठा. मला अगदी हेच वाक्य ऐकवून जी जोडी विकली, ती बटणांनी हवी ती फ्रिक्वेन्सी लावता येणारी होती. असे सेट स्वस्त आणि ताकदीचे असतात, पण ते परवान्याच्या कक्षेत येतात. २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन विक्रेत्यांना याच कारणावरून नोटिसा काढल्या आणि फ्रिक्वेन्सी व मान्यतेची माहिती देणं बंधनकारक केलं. त्यामुळे ऑनलाइन घेताना ती माहितीच दिलेली नसेल तर तो सेट बाजूला ठेवा.

दुसरं: कुठे वापरणार ते ठरवा

४४६चे सेट बहुधा अर्ध्या वॉटचे असतात आणि अँटेना पक्की बसवलेली असते. त्यांचा सिग्नल साधारण नजरेच्या रेषेत जातो. मध्ये डोंगराची सोंड आली की संपलं. खोक्यावरचा आकडा एका माथ्यावरून समोरच्या माथ्यावर, मध्ये काही नसतानाचा असतो. आपण काही सदा माथ्यावर उभे नसतो.

नाशिकजवळच्या हरिहर गडावर मी हे नीट पाहिलं. मी वर, मेहुणा खाली हर्षेवाडीत गाडीपाशी. माथ्याच्या मधोमध उभा राहून हाका मारतोय, तर नुसती खरखर. कडेला आलो, खालची घरं दिसायला लागली आणि लगेच त्याचा आवाज: ‘अरे किती वेळ, चहा गार झाला!’ अंतर तेवढंच, फक्त मधला दगड सरला होता. तेव्हापासून आमचा नियम आहे, समोरचा दिसेल अशी जागा आधी शोधायची, मगच बटण दाबायचं. (कड्याच्या टोकाशी जाऊन नव्हे, हे मुलांना दहादा सांगावं लागतं.)

अंदाज म्हणून सांगतो. मोकळ्यावर दीड-दोन किलोमीटर मिळाले तर उत्तम. नाशकात पंचवटीच्या गल्ल्यांत किंवा कॉलेज रोडच्या इमारतींत काहीशे मीटरवर समाधान माना. दिंडोरीकडे द्राक्षबागेत वापरणार असाल तर पानांनी भरलेल्या मंडपात रेंज आणखी घटते. बांधावर येऊन बोला.

तिसरं: घेतल्या दिवशीच तपासा

एकानं पांडवलेणीच्या पायऱ्या चढायच्या, दुसऱ्यानं फाळके स्मारकापासून पाथर्डी फाट्याकडे चालत सुटायचं. दर दोनशे पावलांवर एकेक वाक्य बोला. आवाज कुठे तुटतो ते कळेल आणि सेट खराब निघाला तर बदलून घ्यायला वेळ राहील.

मग बाकीच्या गोष्टी

पावसाळ्यात अंजनेरीला जाणार असाल तर ‘आयपी’ हा धूळ-पाणी रोखण्याचा आकडा बघा. ‘आयपी ५४’वर विसंबू नका, ते शिंतोड्यांपुरतं. ‘आयपी ६७’ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. बॅटरी टाइप-सीनं चार्ज होते ना ते बघा, म्हणजे पॉवर बँक कामी येते. बटणं मोठी हवीत, आजीच्या बोटाला सापडतील अशी. वजन हातात धरून पाहा.

‘प्रायव्हसी कोड’ या शब्दाला मात्र भुलू नका. त्यानं दुसऱ्यांचा आवाज तुमच्या सेटवर बंद होतो, तुमचं बोलणं लपत नाही. त्यामुळे ‘किल्ली तुळशीच्या कुंडीखाली आहे’ असलं काही हवेत सोडायचं नाही.

सिंहस्थासाठी घ्यायचा का, हे सध्या बरेच जण विचारतात. माझं मत सांगतो: घ्या, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नका. रामकुंडाच्या गर्दीत माणसांच्या अंगांनीच सिग्नल अडतो, आणि तुमच्यासारखी शंभर कुटुंबं ४४६च्या पट्ट्यातल्या त्याच १६ चॅनलांवर असणार. चुकामूक झाली तर भेटायचं ठिकाण घरूनच ठरवा. आम्ही काळाराम मंदिराचा पूर्व दरवाजा धरतो. पोलिसांनी सेट बंद करा म्हटलं तर वाद न घालता बंद करायचा.

शेवटी सराव

सेट तोंडापासून दोन-तीन बोटं लांब, अँटेना उभी. बटण दाबून एक श्वास थांबा, मग बोला, नाहीतर पहिला शब्द गिळला जातो. एका वेळी एकच बोलतो, म्हणून वाक्य संपलं की ‘ओव्हर’ म्हणायची सवय लावा. आमच्याकडे हे धाकटीनं चटकन उचललं. आता जेवणाच्या ताटावरही म्हणते, ‘आई, अजून एक पोळी, ओव्हर.’