‘मोनोटोनस’ कसा शिकावा, कसा वापरावा

मी मिरजेत बारावीच्या पोरांची इंग्रजीची शिकवणी घेते. ‘मोनोटोनस’ हा शब्द ही पोरं ‘बोअरिंग’चा भारीतला अवतार समजून निबंधात ठोकून देतात. तसं करू नका.

आधी उच्चार. मोनोटोनस नव्हे, मनॉटनस, जोर ‘नॉ’वर. नाम मनॉटनी, तिथंही जोर तिथंच. स्पेलिंग पाठ करत बसायची गरज नाही: एम, एन, टी, एन या चौघांच्याही मागं एकेक ‘ओ’ लावायचा आणि शेवटी ‘यूएस’. झालं.

आता शब्द फोडा. ग्रीक ‘मोनोस’ म्हणजे एकटा, एकच. ‘टोनोस’ म्हणजे ताण, आणि सूरसुद्धा. ताण आणि सुराला एकच शब्द कसा, हे मिरजेत फार समजावावं लागत नाही. तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या घरातली पोरं माझ्या वर्गात असतात. खुंटी पिळली, तार ताणली की सूर चढतो, हे त्यांना माझ्याआधीपासून ठाऊक असतं. संस्कृतातला ‘तन्’ हा धातू याच कुळातला. आपला ताण, तंतू, गवयाची तान ही सगळी त्याची लेकरं, आणि इंग्रजीतले टोन, टेन्शन हे त्यांचे चुलतभाऊ. म्हणजे मोनोटोनसला मराठीत ‘एकसुरी’ म्हणतो ते अगदी मुळाला धरून आहे. इंग्रजीत तो आधी आवाजाबद्दलच वापरत. मग अठराव्या शतकातच कामाला, देखाव्याला, दिनक्रमालाही लावू लागले.

वापरताना माझी कसोटी एकच. नेमकं काय बदलत नाहीये, हे बोट ठेवून सांगता येतं का? वसतिगृहात रोज तीच पातळ आमटी, तोच कोबी: हे जेवण मोनोटोनस. तीन खून आणि दोन लग्नं असलेला सिनेमा रटाळ असेल, बोअरिंग असेल, पण मोनोटोनस नाही. ‘टीडियस’ आणखी वेगळा. त्याचं मूळ लॅटिन, अर्थ वीट येणे. प्रवेशाचा लांबलचक फॉर्म टीडियस असतो. प्रत्येक रकाना वेगळा, तरी जीव नको होतो. निबंधात हमखास शोभणारा प्रयोग हवा असेल तर ‘टु ब्रेक द मनॉटनी’ घ्या. सहल, पाहुणे, वळवाचा पाऊस, कशालाही चालतो.

(तंबोरा तासभर तेच वाजवतो, पण जवारी, म्हणजे तारेच्या नादाला येणारी गुंजन, नीट लागली असेल तर त्याला मोनोटोनस म्हणायची हिंमत इथं कुणी करणार नाही.)

गणितवाल्यांनी ‘मोनोटॉनिक’शी गल्लत करू नये. ते फलन (फंक्शन) कंटाळवाणं नसतं. ते वाढत गेलं की उतरत नाही आणि उतरत गेलं की वाढत नाही, एवढंच.

आणि एकदा मूळ सापडलं म्हणून दिसेल तिथं ‘मोनो’ काढू नका. मोनोलॉग, मोनोपॉली बरोबर. मोनॅस्टरीसुद्धा, कारण तिच्या मुळाशी एकट्यानं राहणं आहे. मान्सून मात्र अरबी ‘मौसिम’चा, पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजीत आलेला. त्याचा विग्रह ‘एकुलती एक सून’ असा करून दाखवणारा एक महाभाग माझ्याकडं होता.