कॅमेऱ्यात चेहरा ओळखू येत नाही? नवा कॅमेरा घेण्याआधी हे तपासा

गेटवर कोणीतरी आले होते एवढे दिसते, पण कोण ते कळत नाही. घरच्या सीसीटीव्हीबद्दलची ही नेहमीची तक्रार, आणि त्यावर मिळणारा नेहमीचा सल्ला म्हणजे जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्या. पण दोष वायरीत, सेटिंगमध्ये किंवा काचेवरच्या जाळ्यात असेल, तर नवा कॅमेराही तसेच चित्र देईल. म्हणून आधी चित्र नेमके कुठे बिघडते ते शोधा.

डीव्हीआरला, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याला, एचडीएमआय केबलने टीव्ही जोडा आणि तो कॅमेरा पूर्ण स्क्रीनवर बघा. टीव्हीवर स्वच्छ आणि मोबाइलवर धूसर दिसत असेल, तर कॅमेरा ठीक आहे. डेटा वाचवण्यासाठी अ‍ॅप बहुधा सब स्ट्रीम, म्हणजे त्याच चित्राची हलकी, लहान प्रत, दाखवते. ती ६४०×३६० किंवा ३५२×२८८ एवढीच असू शकते. अ‍ॅपमध्ये एचडी किंवा मेन स्ट्रीम (पूर्ण आकाराचे चित्र) निवडा. घराबाहेरून बघताना घरच्या इंटरनेटचा अपलोड वेग लागतो, डाउनलोडचा नव्हे, हेही लक्षात असू द्या.

थेट चित्र चांगले पण रेकॉर्डिंग खराब असेल, तर डीव्हीआरच्या एन्कोड सेटिंगमध्ये जा. तिथे '१०८०एन' दिसले तर ते पूर्ण १०८०पी नाही. त्यात रुंदी निम्मी, म्हणजे ९६०×१०८० असते. ते १०८०पी करा. काही डीव्हीआरमध्ये असे केल्यावर सेकंदाला १५ किंवा १२च फ्रेम उरतात. घरासाठी तेवढ्या पुरतात, कारण तिथे हालचाल गुळगुळीत दिसण्यापेक्षा चेहरा स्पष्ट असणे महत्त्वाचे.

त्यानंतर बिटरेट, म्हणजे चित्रासाठी दर सेकंदाला किती डेटा वापरायचा तो आकडा. १०८०पी आणि १५ फ्रेमसाठी एच.२६५वर (व्हिडिओ दाबून लहान करण्याची नवी पद्धत) साधारण २ एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) ठेवा, जुनी एच.२६४ असेल तर ४. पुष्कळ ठिकाणी तो मुद्दाम कमी ठेवलेला आढळतो, कारण गिऱ्हाइकाला महिनाभराचे रेकॉर्डिंग हवे असते. हिशेब बघा. २ एमबीपीएसने एक कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी भरतो, चार कॅमेरे सुमारे ८६ जीबी. म्हणजे १ टीबीची डिस्क ११ दिवस पुरते. त्याच डिस्कमध्ये ३० दिवस बसवायचे तर प्रत्येक कॅमेऱ्याला जेमतेम पाऊण एमबीपीएस मिळते. मग पाऊस किंवा हलणारे झाड फ्रेममध्ये आले की चित्राचे चौकोन पडतात. डिस्क मोठी घ्या, नाहीतर दिवस कमी करा. बिटरेट कापू नका.

रात्रीचे चित्र

रात्री धुके पडल्यासारखे दिसते आणि दिवसा सगळे ठीक असते, तेव्हा कॅमेऱ्याचा स्वतःचाच इन्फ्रारेड प्रकाश परत लेन्समध्ये शिरत असतो. खात्री करायला सेटिंगमधून इन्फ्रारेड बंद करा आणि पोर्चचा दिवा लावा. धुके गेले तर कारण सापडले. आता काचेसमोरचे कोळ्याचे जाळे, धूळ आणि बसवताना काढायची राहिलेली प्लास्टिकची फिल्म बघा. डोम (घुमटासारख्या झाकणाच्या) कॅमेऱ्यात लेन्सभोवतीची फोमची रिंग काचेला नीट टेकलेली हवी. ती सरकली की आतल्या आत प्रकाश पसरतो. फ्रेमच्या कडेला भिंत, छज्जा किंवा ग्रिलचा गज असेल तर तो पांढराफटक पडतो, कॅमेरा एक्स्पोजर (चित्रात घ्यायचा उजेड) कमी करतो आणि गेटवरचा माणूस काळा दिसतो. त्यावर इलाज एकच, कॅमेरा थोडा फिरवा किंवा पुढे घ्या.

काच पुसताना आधी ब्लोअरने किंवा मऊ ब्रशने धूळ उडवा. मग साबणाच्या पाण्यात किंचित भिजवलेला मायक्रोफायबर वापरा. कोरडा फडका आणि थिनर नकोच. डोम प्लास्टिकचा असतो आणि त्यावरचा प्रत्येक ओरखडा रात्री चमकतो. पावसाळ्यात आतून वाफ धरत असेल तर कोरड्या दिवशी उघडून वाळवा, रबरी गॅस्केट नीट बसवा आणि सिलिका जेलची पुडी ठेवा. केबल आत शिरण्याआधी खाली झोल द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल.

चालणारा माणूस फराटा ओढल्यासारखा दिसत असेल तर शटर, म्हणजे एक फ्रेम टिपायचा वेग, फार मंद आहे. ते १/५० सेकंदावर आणा. चित्र अंधारले तर तिथे दिवा वाढवा. नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे पुसणारी सेटिंग) पूर्ण चढवले तर चेहऱ्याचे बारकावे पुसले जातात, ते मध्यावर ठेवा. उलट, दिवसा झाडे गुलाबी-जांभळी दिसत असतील तर आतला इन्फ्रारेड फिल्टर अडकला आहे. मेनूतून डे आणि नाइट मोड चार-पाचदा बदला. टक् असा आवाज आला तर फिल्टर हलतो आहे.

रेघा, लहरी, बंद-चालू

रात्रीच रेघा येतात किंवा कॅमेरा सारखा रीस्टार्ट होतो, तेव्हा वीजपुरवठा तपासा. इन्फ्रारेड लागल्यावर कॅमेरा जास्त करंट ओढतो आणि लांब, बारीक वायरीत व्होल्टेज पडते. इन्फ्रारेड चालू असताना कॅमेऱ्याच्या टोकाला मल्टिमीटर लावा. १२ व्होल्टच्या जागी ११च्या खाली दिसले तर वायर जाड तांब्याची घ्या, किंवा कॅमेऱ्याजवळच १२ व्होल्ट २ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर बसवा. चार कॅमेऱ्यांना ५ अँपिअरचा एसएमपीएस (सगळ्या कॅमेऱ्यांना वीज देणारा डबा) पुरतो. त्याच्या टर्मिनलवर २३० व्होल्ट असतात, हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा.

आडव्या पांढऱ्या लहरी सतत वर सरकत असतील तर कॅमेरा ग्रिलवरून काढून केबलला लोंबता ठेवा. लहरी थांबल्या तर धातूची बॉडी आणि लोखंडी ग्रिल यांतून अर्थिंगचा फरक येतो आहे. मध्ये पीव्हीसी बॉक्स टाका. तरीही राहिल्या तर बीएनसी कनेक्टर (चित्राच्या केबलच्या टोकाची गोल जोडणी) बघा. ओलीने हिरवा पडलेला कनेक्टर पुसत बसू नका, बदला. ट्यूबलाइटखाली काळे पट्टे येत असतील तर फ्रीक्वेन्सी ६० ऐवजी ५० हर्ट्झ करा.

वाय-फाय कॅमेरा असेल तर तो तासभर राउटरजवळ आणून लावा. तिथे सुधारला तर सिग्नलचा प्रश्न आहे. −६० डीबीएम (सिग्नलची ताकद मोजण्याचे एकक) चांगला, −७०च्या पलीकडे चित्र अडकणार. राउटरचा २.४ गिगाहर्ट्झ बँड १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळ्या चॅनेलवर ठेवा.

हे सगळे ठीक असूनही चेहरा कळत नसेल, तर लेन्स आणि अंतर बघा. अनोळखी माणूस ओळखायला त्याच्या जागी दर मीटरला २५० पिक्सेल पडावे लागतात. २ मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल, म्हणजे तिथे फ्रेममध्ये साडेसात मीटरच रुंदी मावायला हवी. नेहमीची २.८ मिमी लेन्स ती मर्यादा साधारण ३ मीटरवरच ओलांडते. ४ मिमीवर सुमारे ४, तर ६ मिमीवर ७ मीटरपर्यंत चेहरा मिळतो. गेट २० फुटांवर असेल तर तिथे ६ मिमीचा कॅमेरा लावा, ८–९ फुटांच्या उंचीवर, आणि २.८ मिमीचा अंगणासाठी राहू द्या.