सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड: पैसे देण्याआधी शेडर मोजा

जीटीएक्स १०६० घ्यावं की आरएक्स ५८०, हा प्रश्न सेकंडहँड कार्ड शोधणाऱ्याला हमखास पडतो. पण त्याआधी एक गोष्ट तपासा, कारण या दोन्ही नावांखाली कमी ताकदीची कार्डंही विकली जातात.

१. कार्ड चालू पीसीत लावून दाखवायला सांगा आणि जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा. हे मोफत आहे, इन्स्टॉलही करावं लागत नाही.

२. 'शेडर्स'समोरचा आकडा वाचा. शेडर म्हणजे कार्डातले चित्र तयार करणारे छोटे प्रोसेसर. १०६० च्या ६ जीबी कार्डात १२८० हवेत. ३ जीबीवाल्यात ११५२ च असतात, म्हणजे फरक फक्त मेमरीचा नाही. ५८० मध्ये २३०४ हवेत. २०४८ दिसले, तर ते '२०४८एसपी' मॉडेल आहे, मुळात चीनच्या बाजारासाठी काढलेलं. त्याला पूर्ण ५८० चा भाव अजिबात देऊ नका.

३. दोन्ही कार्डं अस्सल निघाली, तर निर्णय तुमच्या एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, सोडा. १०६० ला १२० वॉट लागतात, ५८० ला १८५. एसएमपीएस जुना किंवा साधा असेल तर १०६० च घ्या. तो दमदार असेल, ८ पिनची पॉवर केबल असेल, तर मी ८ जीबीचं ५८० घेईन. नव्या गेममधल्या जड टेक्श्चरना (वस्तूंच्या पृष्ठभागावरच्या चित्रांना) ती जादा मेमरी खरंच उपयोगी पडते.

आरएक्स ५८० क्रिप्टो मायनिंगसाठी, म्हणजे कार्ड सतत चालवून डिजिटल चलन कमावण्यासाठी, भरपूर वापरलं गेलं आहे. त्यामुळे एखादा जड गेम अर्धा तास चालवून, स्क्रीनवर ठिपके-पट्टे येत नाहीत ना आणि पंखे नीट फिरतात ना, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.